गोंदियाच्या राईस मिलची राख: कचरा की कच्चा माल? उत्तर भट्टीच्या तापमानात आहे

गोंदिया म्हणजे धान आणि धान म्हणजे राईस मिल. मिलच्या आवारात काळ्या-करड्या राखेचा ढीग दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. पण अशाच राखेतून काढलेलं सिलिका 'गुडइयर' कंपनी टायरमध्ये वापरते. एकाच राखेची एवढी वेगवेगळी किंमत कशी? आणि यात विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राचा काय संबंध? समजून घेऊया.

राख येते कुठून?

हिशेब सोपा आहे. सरकारी भरडाईच्या नियमानुसार १०० किलो धानामागे मिलने ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो. त्याच १०० किलोतून साधारण २० किलो कोंडा, म्हणजे दाण्यावरचं टरफल निघतं. हा कोंडा बॉयलरमध्ये जाळला जातो. उसना तांदूळ करायला लागणारी वाफ त्यावरच तयार होते. २० किलो कोंडा जळला की सुमारे ४ किलो राख उरते.

म्हणजे २० टन धानाचा एक ट्रक रिकामा झाला की अंदाजे ८०० किलो राख. आणि नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असतं.

मग भौतिकशास्त्र कुठे येतं?

सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. पण त्याची दोन रूपं आहेत. कोंडा साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या खाली, सावकाश जळाला तर सिलिकाचे अणू विस्कळीत राहतात. याला अस्फटिकी सिलिका म्हणतात. तापमान त्याहून बरंच वर गेलं आणि तिथे टिकलं, तर तेच अणू ओळीत बसतात आणि स्फटिक तयार होतात.

डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. राखेचा रंग फार तर न जळलेला कार्बन किती उरला याचा अंदाज देतो. खरा फरक दिसतो एक्स-रे डिफ्रॅक्शन यंत्रात. स्फटिकी राखेच्या आलेखात टोकदार सुळके येतात, अस्फटिकी राखेच्या आलेखात पसरट उंचवटा. एमएस्सी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी हा आलेख वाचायला शिकलेला असतो.

कुणाला कोणती राख लागते?

सिमेंट-काँक्रीटला अस्फटिकी राख हवी, कारण तीच चुन्याशी नीट अभिक्रिया करते. काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६:२०००) तांदळाच्या कोंड्याच्या राखेचा उल्लेखही आहे. टायरसाठी राखेतून शुद्ध, अतिबारीक सिलिका वेगळं काढावं लागतं. पोलाद कारखान्यांना मात्र वितळलेल्या धातूवर पसरायला उष्णतारोधक राख लागते आणि तिथे स्फटिकी राखही चालते.

प्रश्न फक्त पैशाचा नाही. स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो, कर्करोगाचा धोकाही वाढतो. त्यामुळे ढिगात नेमकी कोणती राख आहे, हे ती उपसणाऱ्या मजुराच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

मग अडतं कुठे?

शोध लागायचा बाकी आहे, असं नाही. राखेतून सिलिका काढण्याच्या पद्धतीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणी काम झालं आहे. अडचण मधल्या टप्प्यावर आहे. मिलची भट्टी वाफेसाठी चालते, सिलिकासाठी नाही. प्रयोगशाळेत काही ग्रॅम कोंडा नियंत्रित तापमानात जळतो, मिलमध्ये टनांनी. खरेदीदाराला प्रत्येक गाडीत सारखाच माल हवा असतो. प्राध्यापकाचं मोजमाप होतं शोधनिबंधांवर आणि मिलमालकाचं लक्ष असतं भरडाईवर. रोजच्या राखेचा नमुना तपासणं हे या दोघांपैकी कुणाचंच काम नाही.

याच जिल्ह्यात तुलनेसाठी एक उदाहरण आहे. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅट औष्णिक वीज प्रकल्पाच्या राखडीला कायदा लागू आहे. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखडीचा १०० टक्के वापर बंधनकारक केला. जबाबदारी कुणाची, मुदत किती, दंड किती, सगळं ठरलेलं आहे. पण ही अधिसूचना कोळसा आणि लिग्नाइटवरच्या वीज प्रकल्पांपुरती आहे. मिलच्या राखेला ती लागू नाही.

विद्यापीठ काय करू शकतं?

गोंदियातली महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एलईडीसारख्या दिव्यांत लागणाऱ्या प्रकाशमान पदार्थांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. ती पावडर ज्या तंत्राने तपासतात, त्याच तंत्राने राखही तपासता येते.

उद्योगाच्या पैशातून विज्ञान उभं राहणंही विदर्भाला नवं नाही. कामठीचे मँगनीज व्यावसायिक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली.

आज रस्ता आणखी सोपा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि संशोधन प्रकल्प करावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने उद्योगांशी दुवा जोडण्यासाठी 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' मंडळाची तरतूद केली आहे. दोन्हींची सांगड घातली तर सुरुवात अगदी छोटी असू शकते. भट्टीत तापमापक बसवायचा, विद्यार्थ्याने रोजची नोंद ठेवायची, दर आठवड्याला राखेचा नमुना तपासायला पाठवायचा.

सहा महिन्यांनी मिलमालकाच्या हातात एक कागद असेल: तापमान इतकं, कार्बन इतका, अस्फटिकी सिलिका इतकं. कोणत्या उद्योगाकडे जायचं, भट्टीत काय बदलायचं, मजुरांना कोणता मास्क द्यायचा, हे त्यावरून ठरवता येईल. तो कागद हातात नसेल, तर खरेदीदाराशी भाव करताना मालकाकडे दाखवायला फक्त ढीग असतो.