राव्हेन्सब्रुक : दिनचर्या हेच हत्यार

१) नाझी छळछावण्या म्हटल्या की वायुकक्ष आणि मृतांचे आकडे आठवतात. ते स्वाभाविक आहे; परंतु तेवढ्यावर थांबल्यास राव्हेन्सब्रुक उमगत नाही. बर्लिनच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर मे १९३९ मध्ये सुरू झालेल्या स्त्रियांच्या या छावणीत वायुकक्ष आला तो १९४५ च्या प्रारंभी. त्याआधी शिक्षा आणि गोळीबार यांच्या जोडीने माणूस संपवीत होती ती रोजची दिनचर्या.

२) पहाटे हजेरी. गणती जुळेपर्यंत थंडीपावसात तासन्‌तास उभे राहायचे. खायला पातळ सूप आणि पावाचा तुकडा. मग शिवणशाळेत एसएसचे गणवेश शिवायचे, किंवा १९४२ पासून सीमेन्सच्या कारखान्यात राबायचे. पुढे एकेका फळीवर अनेकींना झोपावे लागे. उपासमारीने कित्येकींची मासिक पाळी थांबली.

३) याला ‘गैरसोय’ म्हणणे हा इतिहासाचा अपमान आहे. नावाऐवजी क्रमांक, कपड्यावर रंगीत त्रिकोण (राजकीय कैद्यांना लाल, ‘समाजविघातक’ ठरवलेल्यांना काळा), भूक, उवा, अपुरी झोप : ही सारी योजनाच होती.

४) म्हणूनच तेथील लहान कृतींचे मोल मोठे आहे. भुकेल्या स्त्रिया एकमेकींना पाककृती सांगत, लिहून ठेवीत. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जर्मेन तियों यांनी १९४४ मध्ये खोक्यात लपून छावणीवरच उपहासात्मक संगीतिका रचली.

५) पोलंडच्या ज्या तरुणींच्या पायांवर वैद्यकीय प्रयोग झाले, त्यांना छावणीत ‘सशे’ म्हणत. घरच्या पत्रांत ओळींच्या मधोमध मूत्राने अदृश्य मजकूर लिहून त्यांनी ही बातमी बाहेर पोहोचवली. १९४५ मध्ये त्यांना ठार मारण्याचा बेत कळताच इतर कैदी स्त्रियांनी त्यांना लपवले, मृतांचे क्रमांक दिले. ज्या गणतीने छळले, तीच गणती त्यांनी चुकवली.

६) ३० हून अधिक देशांतील सव्वा लाखाच्या आसपास स्त्रिया येथे डांबल्या गेल्या. हजेरी, भूक आणि थंडी साऱ्यांच्या वाट्याला आली. स्मरण मात्र त्रिकोणाचा रंग पाहून वाटले गेले. काळ्या त्रिकोणाच्या कैद्यांना नाझी अत्याचारांचे बळी म्हणून जर्मन संसदेने मान्यता दिली ती २०२० मध्ये, मुक्तीनंतर ७५ वर्षांनी. मरण कसे आले एवढेच विचारणारा इतिहास या स्त्रियांना न्याय देऊ शकत नाही. त्या रोज कशा जगल्या, हेही त्याने तितक्याच गांभीर्याने विचारले पाहिजे.