आधी पाणी, मग लिंबू

मार्च २०१९ मधला तो व्हिडिओ तुम्हाला आठवत असेल. मुंबईत कुर्ला स्थानकावर, स्टॉलच्या छपरावर, अस्वच्छ पाण्यात लिंबू सरबत कालवलं जात होतं. त्यानंतर मध्य रेल्वेने आपल्या स्थानकांवर सुट्या सरबताच्या विक्रीला बंदी घातली. आपण मात्र चार दिवस नाकं मुरडली आणि पाचव्या दिवशी गाडीवर जाऊन उभे राहिलो. ऊनच तसं असतं!

म्हणून सांगतो, मसाला सरबत घरी करा. पोरांना दप्तरातून बाटली द्या. आपणही कामावर न्या नाहीतर आल्यावर प्या, पण घरचं प्या.

सुरुवात लिंबापासून नको, पाण्यापासून करा. रात्री पाणी उकळा, निववा आणि घासलेल्या माठात भरा. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा. माठात पेला बुडवला की त्याबरोबर बोटंही बुडतात, आणि उकळण्याची सगळी मेहनत फुकट जाते.

बर्फ घालायचाच तर घरच्या फ्रीजमधला, त्याच उकळलेल्या पाण्याचा. बाजारातली लादी आणू नका. खाण्याजोगा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पण पेल्यात पडलेल्या तुकड्याचा रंग कोण निरखून बघतो?

आता मसाला. दोन चमचे जिरे मंद आचेवर कोरडेच भाजा. रंग गडद झाला आणि घरभर वास सुटला की उतरवा. पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका, नाहीतर पूड दमट होते. ही पूड घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. दरवेळी ताजी करायची गरज नाही.

लिंबं पातळ सालीची, पिवळी घ्या. ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, मग चिरा. पिळताना बिया गाळून घ्या आणि शेवटच्या थेंबासाठी साल चुरगाळू नका. सरबत कडू होतं ते याच हावरटपणामुळे.

चार पेले पाण्याला दोन मोठी रसाळ लिंबं पुरतात. लहान असतील तर चार घ्या. साखर सहा-सात चमचे. ती आधी थोड्या साध्या पाण्यात विरघळवा, कारण गार पाण्यात ती तळाशीच बसून राहते. मग रस, अर्धा चमचा जिरेपूड, पाव चमचा काळं मीठ आणि चिमूटभर मिरपूड. हवीत तर पुदिन्याची चार पानं हाताने चुरडून टाका. काळं मीठ जपून घाला. जास्त झालं की उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि पोरं पेला सरकवतात. वेलची आवडत असेल तर जिरं घालू नका. दोन्ही एकत्र माझ्या जिभेला तरी पटत नाहीत.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं असू द्या. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात लिंबाचा रस ठेवू नका. उरलेल्या सालींनी ती भांडी घासा, लख्ख होतील.

केलेलं सरबत, बाटलीतलंही, होईल तितक्या लवकर संपवा. फार वेळ राहिलं की ते कडवट होतं.

घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यांच्या पेल्यात मीठ नावापुरतंच टाका. काळं मीठही मीठच आहे. मधुमेह असेल तर साखर वगळा. जिरं-पुदिन्यावरही सरबत छान लागतं.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. जुलाब लागलेल्या मुलाला हे सरबत देऊन बसू नका. त्याला जलसंजीवनी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घाला. अंदाजाने नको, मोजूनच घाला. मूल मलूल वाटलं तर दवाखाना गाठा. उन्हाने कुणी बेशुद्ध पडलं असेल तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

राहिला प्रश्न लिंबाच्या भावाचा. एप्रिल २०२२ मध्ये एकेका लिंबाला दहा-दहा रुपये मोजलेत तुम्ही. पावसाळ्यात तीच लिंबं स्वस्त होतात. तेव्हा रस काढा, बर्फाच्या साच्यात गोठवा आणि वड्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात एका पेल्याला एक-दोन वड्या पुरे.

हे पुढच्या पावसाळ्यात करा. आज रात्री एवढंच करा: पाणी उकळून माठात भरून ठेवा.