व्हिसाचे दार खुर्ची पाहून उघडते

धर्मस्वातंत्र्याची गंभीर पायमल्ली करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद अमेरिकेने १९९८ साली केली. तिचाच आधार घेऊन, २००२ च्या गुजरात हत्याकांडाच्या संदर्भात, मार्च २००५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हाती असलेला व्हिसा रद्द केला गेला. राजनैतिक व्हिसाही नाकारला गेला. २० मार्च २०१४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील दाभडी येथे त्यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली, तेव्हाही बंदी उठल्याची घोषणा नव्हती. दोन महिन्यांत ते पंतप्रधान झाले आणि सप्टेंबरमध्ये ओबामांचे पाहुणे!

मधल्या काळात बदलले काय? विशेष तपास पथकाचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो जून २०२२ मध्ये. पण अमेरिकेने २०१४ साली न्यायालयाचा हवाला दिलाच नाही. सरकारप्रमुखाला व्हिसा मिळतो, एवढेच सांगितले. पत्रकार खशोगी यांच्या २०१८ मधील खुनानंतरही तेच घडले. २०२१ मध्ये ७६ सौदी व्यक्तींवर व्हिसाबंदी आली, युवराजांवरील कारवाई मात्र टाळली गेली.

प्याद्यांना अडवायचे आणि राजाला गालिचा अंथरायचा, याला आम्ही न्याय म्हणत नाही. म्हणून परक्यांच्या शिक्क्यावर विसंबून चालणार नाही. राज्यकर्त्याला जाब विचारण्याचा अधिकार संविधानाने दाभडीच्या शेतकऱ्यालाही दिला आहे. तो वापरायला कोणाच्याही वकिलातीची परवानगी लागत नाही.