जागा मिळाली, गिऱ्हाईक नाही!

१९६२ हे वर्ष अमेरिकेच्या दुकानदारीत भलतंच सुपीक ठरलं. मार्चमध्ये मिशिगन राज्यात केमार्टचा जन्म झाला, मे महिन्यात मिनेसोटात टार्गेटचा, जूनमध्ये ओहायोत वूल्कोचा आणि जुलैत आर्कान्सामधल्या रॉजर्स नावाच्या छोट्या गावात सॅम वॉल्टन यांच्या वॉलमार्टचा. चौघांची पत्रिका जणू एकाच ज्योतिषानं मांडलेली : माल भरपूर, नफा थोडा, खप प्रचंड. पुढे हे चौघंही शेजारच्या कॅनडात संसार थाटायला गेले. आज त्यांच्यापैकी तिथे उरलाय तो फक्त वॉलमार्ट. बाकीचे तिघं गाशा गुंडाळून गेले आणि या धामधुमीत खुद्द कॅनडाची लाडकी ‘झेलर्स’ही गेली.

स्वस्त विकणाऱ्या दुकानांचं असं व्हावं, हे नवलच. स्वस्ताई कुणाला नको असते? पण या साऱ्या दुकानांच्या जन्ममृत्यूचे दाखले शेजारी शेजारी ठेवून वाचले, की कळतं : ही नुसती भावांची लढाई नव्हती. दुकान म्हणजे नेमकं काय, याचा विसर पडलेल्यांची ती गोष्ट आहे.

काटकसरीचं माहेरघर

कॅनडात पूर्वी खरेदी म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या भव्य दुकानांत जाणं. ईटन्स, सिम्पसन्स, हडसन्स बे ही त्यातली मातब्बर नावं. उंची काउंटर, अदबीनं वस्तू दाखवणारे विक्रेते आणि त्या अदबीची किंमतही वस्तूतच धरलेली!

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती नवी उपनगरं वाढली. घरोघरी मोटार आली, मुलंबाळं झाली. नोकरदार कुटुंबाला अदब नको होती. मोटार लावायला फुकट जागा, हातात ढकलगाडी, मांडणीवरून आपल्या हातानं उचललेली वस्तू आणि खिशाला झेपेल असा भाव हवा होता. सवलतीच्या दुकानांनी नेमकं हेच दिलं. विक्रेते कमी, सजावट कमी, म्हणून खर्च कमी. एका वस्तूवर चार पैसेच सुटायचे, पण वस्तू खपायच्या ढिगानं.

केमार्टनं १९६३ मध्ये ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरात कॅनडातलं पहिलं दुकान उघडलं. वूल्को आलं, टोरोंटोकडे टॉवर्स आलं, बायवे आलं. ‘कन्झ्युमर्स डिस्ट्रिब्युटिंग’ची तऱ्हा तर सगळ्यांत निराळी. तिथे वस्तू मांडलेल्याच नसत. गिऱ्हाइकानं जाडजूड कॅटलॉग चाळायचा, पेन्सिलीनं चिठ्ठीवर वस्तूचा नंबर लिहायचा आणि काउंटरवर द्यायचा. मागच्या गोदामातून माणूस वस्तू घेऊन येई. किंवा ‘संपलीय’ असं सांगत हात हलवत येई! हे दुसरंच इतक्यांदा व्हायला लागलं, की त्या दुकानावर विनोद झाले. १९५७ मध्ये सुरू झालेली ही साखळी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘संपलीय’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तो एका बलाढ्य कंपनीला भोवणार आहे.

या सगळ्यांत घरचं म्हणावं असं नाव होतं झेलर्सचं. वॉल्टर झेलर यांनी १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन तडाख्यात, ही साखळी सुरू केली. दिवाळं निघालेल्या एका अमेरिकी साखळीची कॅनडातली दुकानं त्यांनी घेतली. लोकांच्या हातात पैसा नव्हता, म्हणून काटकसरी कॅनेडियनांचं दुकान हीच त्यांनी आपली ओळख केली. १९७८ मध्ये हडसन्स बे कंपनीनं झेलर्स ताब्यात घेतलं. ही कंपनी काही साधीसुधी नव्हे. १६७० साली इंग्लंडच्या राजाच्या सनदेनं, कातड्यांच्या व्यापारासाठी ती स्थापन झाली होती. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून चार वर्षं होती!

या म्हाताऱ्या कंपनीच्या घरात झेलर्स बाळसं धरू लागलं. १९८६ मध्ये त्यांनी ‘क्लब झेड’ ही योजना काढली. जितकी खरेदी तितके गुण आणि साठलेल्या गुणांवर भेटवस्तू. घरोघरच्या गृहिणी गुण मोजू लागल्या. ‘झेडी’ नावाचं अस्वल मुलांचा दोस्त झालं. दुकानातच स्वस्तातलं उपाहारगृह असे. आजीआजोबा तिथे कॉफी घेत बसत. शाळा सुरू व्हायच्या आधी वह्या-दप्तरं, बर्फ पडायच्या आधी मुलांचे बूट आणि कोट, अशी वर्षाची सगळी खरेदी एका छपराखाली होई. मुलाचा पाय वर्षाला एका मापानं वाढतो आणि कॅनडात बुटाशिवाय हिवाळा निघत नाही. अशा घरांना हे दुकान चैन नव्हती, गरज होती. आपली मुलूखगिरी करणारी मंडळीही याच देशात उतरली. भारतातून सुती कपड्यांनिशी येणाऱ्या कुटुंबांनाही अंगावरचा पहिला जाड कोट परवडे तो अशाच दुकानांत.

थोरला आला

१९९० मध्ये हडसन्स बेनं टॉवर्सची दुकानं विकत घेऊन झेलर्सला जोडली. पुढची चार वर्षं सुखाची गेली. आणि मग १९९४ मध्ये वॉलमार्टनं कॅनडातली वूल्कोची १२२ दुकानं एकदम खरेदी केली. १९६२ च्या चौघांपैकी एकानं दुसऱ्याला गिळलं!

वॉलमार्टची खरी ताकद पाटीवरच्या भावात नव्हती, पाटीमागच्या यंत्रणेत होती. कुठल्या दुकानात काय खपलं हे संगणकावर ताबडतोब कळायचं, त्याप्रमाणे गोदामातून माल निघायचा आणि प्रचंड खरेदीच्या जोरावर कारखानदारांकडून भाव पाडून घेतला जायचा. झेलर्सचं ब्रीद तर ‘सर्वांत कमी किंमत हाच कायदा’ असं होतं. कायदा पाळायचा म्हणजे भाव उतरवायलाच हवे. भाव उतरले, पण खर्च काही त्या प्रमाणात उतरला नाही. नफा आटत गेला. नफा आटला की दुकानाची डागडुजी लांबते, दिवे मंद होतात, फरशी कळकट दिसते. गिऱ्हाइकाला हे सांगावं लागत नाही, ते पाहतं.

१९९८ मध्ये कॅनडातलं केमार्टही हडसन्स बेनं घेतलं आणि त्यातली बरीच दुकानं झेलर्समध्ये मिसळली. झेलर्सची संख्या साडेतीनशेच्या घरात गेली. पण दोन दमलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली, म्हणून काही पहिलवान होत नाहीत. इकडे बायवेही २००१ मध्ये बंद पडलं.

सौदा भाडेपट्ट्यांचा

२००८ मध्ये हडसन्स बे कंपनी रिचर्ड बेकर यांच्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या हाती गेली. बेकर यांचा मूळ पेशा जागाजमिनींचा. अशा माणसाला दुकानात शिरल्यावर आधी काय दिसतं? मांडणीवरचे बूट नव्हेत, तर खालची जागा!

झेलर्सकडे मॉलमधल्या मोक्याच्या जागांचे जुने, लांब मुदतीचे भाडेपट्टे होते. दुकान फारसं कमवत नव्हतं, पण ते ज्या चौरस फुटांवर उभं होतं त्याला मोल होतं. जानेवारी २०११ मध्ये सौदा जाहीर झाला. टार्गेटनं झेलर्सच्या जास्तीत जास्त २२० दुकानांचे भाडेपट्टे १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलरना घेतले. झेलर्सचं नाव नको होतं, माल नको होता आणि माणसंही नको होती. तिथल्या कर्मचाऱ्यांची नोकरी आपोआप पुढे चालू राहणार नव्हती. वर्षानुवर्षं त्याच मजल्यावर उभं राहिलेल्या बाईलाही टार्गेटकडे नव्यानं अर्ज करायचा होता. टार्गेटनं घेतलेल्या जागांपैकी काही तर पुढे वॉलमार्टकडेच गेल्या!

टार्गेटचं कॅनडात मोठं कौतुक होतं. सीमेपलीकडे जाऊन तिथे खरेदी करून येणारी कुटुंबं हजारोंनी होती. मार्च २०१३ मध्ये पहिली दुकानं उघडली आणि त्या एका वर्षात आकडा १२४ वर गेला. भाडेपट्ट्यांचं मीटर चालू होतं, म्हणून घाई. इतक्या घाईत नव्या संगणक यंत्रणेत हजारो वस्तूंची माहिती भरली गेली आणि ती चुकांनी भरलेली निघाली. कुठे इंचांच्या जागी सेंटिमीटर, कुठे खोक्याची लांबी रुंदीच्या रकान्यात. परिणाम असा, की गोदामं मालानं फुटायला आली आणि दुकानातल्या मांडण्या मात्र रिकाम्या. पुन्हा तेच उत्तर : ‘संपलीय’!

त्यात भाव सीमेपलीकडच्या टार्गेटपेक्षा चढे वाटले. झेलर्सच्या अनेक जागा जुन्या, उतरत्या कळेच्या मॉलमध्ये होत्या. तिथे येणारं जुनं गिऱ्हाईक तर वॉलमार्टकडे वळलेलंच होतं. नव्या गिऱ्हाइकानं एकदा रिकामी मांडणी पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली, तिसऱ्यांदा ते आलंच नाही.

१५ जानेवारी २०१५ रोजी टार्गेटनं कॅनडातली सगळी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२१ पर्यंत तरी नफा दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सुमारे १७,६०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांना किमान सोळा आठवड्यांचा पगार मिळावा म्हणून कंपनीनं ७ कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी बाजूला काढला. एप्रिलमध्ये शेवटचं दुकान बंद झालं. पहिलं उघडल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. बाहेर पडण्याचा फटका सुमारे ५४० कोटी अमेरिकी डॉलरचा!

मागे कोण उरलं?

झेलर्सची उरलीसुरली दोन दुकानं माल निकालात काढण्यापुरती चालू होती, तीही जानेवारी २०२० मध्ये मिटली. त्याच वर्षी कोविडच्या टाळेबंदीत ‘आर्मी अँड नेव्ही’ ही व्हँकुव्हरची, १९१९ पासूनची सवलतीची साखळी कायमची बंद झाली. टोरोंटोत ब्लूर आणि बाथर्स्ट रस्त्यांच्या नाक्यावर एड मर्विश यांनी १९४८ मध्ये उघडलेलं ‘ऑनेस्ट एड्स’, नवख्या स्थलांतरितांचा मोठा आधार, ३१ डिसेंबर २०१६ रोजीच बंद झालं होतं. हे साखळीतलं नव्हे, एकुलतं एक दुकान. पण दैव तेच : जागा विकली गेली आणि तिथे इमारती उठल्या.

२०२३ मध्ये हडसन्स बेला झेलर्सची पुन्हा आठवण झाली. लोक हळहळतात, तर मग नावाचं सोनं करू, असा विचार. आपल्याच २५ मोठ्या दुकानांत त्यांनी झेलर्सचे कोपरे मांडले, जुन्या उपाहारगृहातले पदार्थ विकणाऱ्या गाड्या फिरवल्या. पहिल्या दिवशी रांगा लागल्या. पण आठवणीपोटी माणूस एकदा येतो, दर आठवड्याला येतो तो गरजेपोटी. मार्च २०२५ मध्ये खुद्द हडसन्स बेनंच धनकोंपासून संरक्षण मागितलं आणि १ जूनला तिची सगळी दुकानं बंद झाली. ३५५ वर्षांचा पसारा संपला, आठ हजारांहून अधिक माणसं घरी बसली. कंपनीचं नाव आणि चिन्हं ‘कॅनेडियन टायर’नं ३ कोटी डॉलरना घेतली.

मग कॅनडात स्वस्त दुकानं चालतच नाहीत का? तसं मुळीच नाही. वॉलमार्ट पाय रोवून उभा आहे. ओटावात १९६१ मध्ये एका दुकानानं सुरुवात केलेल्या ‘जायंट टायगर’ची आज अडीचशेहून अधिक दुकानं आहेत. क्वेबेकमध्ये १९९२ साली निघालेल्या ‘डॉलरामा’नं तर हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला. दोघंही कॅनडाचीच. दोघांनीही एकेक दुकान करत, मांडणी भरलेली राहील याची काळजी घेत पाय पसरले.

झेलर्स, टार्गेट आणि हडसन्स बे यांच्या हिशेबात जागेची किंमत मांडलेली होती, नावाचीही मांडलेली होती. दप्तर नि बूट घ्यायला मुलाचा हात धरून आलेल्या आईची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. भाडेपट्टा सही करून दुसऱ्याच्या नावावर चढवता येतो. ती आई चढवता येत नाही. तिला मांडणीवर बूट दिसले तर ती येते, नाही दिसले तर शेजारच्या दुकानात जाते. बिचारी भांडतसुद्धा नाही!