जोडणारी कंपनी, तोडणारी जात

आपल्या वस्तीतला पोरगा इंजिनिअर होऊन अमेरिकेला निघतो, तेव्हा त्याला निरोप द्यायला अर्धी वस्ती विमानतळावर जाते. आईच्या डोळ्यांत पाणी असते आणि मनात समाधानही असते. सुटला एकदाचा! आता गावचा पाटील, शाळेतला मास्तर की कचेरीतला साहेब, कुणीच त्याला जात विचारणार नाही. समुद्र ओलांडला की जात गळून पडते, असा आपल्यातल्या अनेकांचा भाबडा समज आहे. हा समज ज्यांना तपासून पाहायचा असेल, त्यांनी सिस्को सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचा इतिहास वाचावा, असे आम्ही सुचवतो.

ही कंपनी १९८४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात स्थापन झाली. लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर हे नवरा-बायको स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विभागांचे संगणक सांभाळत होते. त्या काळी वेगवेगळ्या बनावटीची संगणक जाळी एकमेकांशी बोलत नसत. त्यांना जोडणारे यंत्र म्हणजे राउटर. माहितीच्या पुडक्यावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य वाटेने पुढे पाठवायचे, एवढेच त्याचे काम. पुडके कुणाच्या घरचे, हे राउटर विचारत नाही!

या यंत्रामागे स्टॅनफर्डमधल्या अनेकांचे श्रम होते. विल्यम येगर यांनी त्याची आज्ञावली लिहिली होती, तर अँडी बेख्टॉल्शाइम यांनी संगणकाचा बोर्ड तयार केला होता. पण दंतकथेत नाव राहिले ते फक्त जोडप्याचे. श्रम कुणाचे आणि नाव कुणाचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विद्यापीठाशी वाद झाला, १९८६ मध्ये बोसॅक यांना नोकरी सोडावी लागली आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने रीतसर परवाना देऊन प्रकरण मिटवले. त्याच वर्षी सिकोइया या गुंतवणूक संस्थेचे डॉन व्हॅलेंटाइन पैसा घेऊन आले. फेब्रुवारी १९९० मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लर्नरबाईंना कंपनीतून काढून टाकण्यात आले. पाठोपाठ बोसॅकही बाहेर पडले. ज्यांनी घर बांधले, त्यांनाच भांडवलाने उंबऱ्याबाहेर काढले.

पुढे जॉन चेंबर्स यांच्या काळात कंपनी प्रचंड वाढली. मार्च २००० मध्ये तिची बाजारातली किंमत ५०० अब्ज डॉलरच्या वर गेली आणि काही काळ ती जगातली सर्वांत मोलाची कंपनी ठरली. वर्षभरात फुगा फुटला. २००१ मध्ये सुमारे ८,५०० लोकांना घरी पाठवण्यात आले. तरीही कंपनी तगली. या भरभराटीच्या काळात सिलिकॉन व्हॅलीत हजारो भारतीय अभियंते पोहोचले. त्यांत सवर्णांचाच भरणा होता. त्यांनी सोबत पदव्या नेल्या, लोणच्याच्या बरण्या नेल्या आणि जातही नेली.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचताना बाबासाहेबांनी हा धोका सांगून ठेवला होता. हिंदू जगात जिथे स्थलांतर करतील तिथे जात हा जागतिक प्रश्न होईल, हे श्रीधर व्यंकटेश केतकरांचे मत त्यांनी तिथे उद्धृत केले होते. ते मत १०४ वर्षांनी न्यायालयाच्या दारात येऊन उभे राहिले.

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को आणि तिच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. दाव्यातले म्हणणे असे : सॅन होजे येथील मुख्यालयात एक दलित अभियंता २०१५ पासून काम करत होता. तो अनुसूचित जातीचा आहे आणि आयआयटीत राखीव जागेतून आला, ही गोष्ट त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याने मनुष्यबळ विभागाकडे तक्रार केली. त्यानंतर त्याच्या जबाबदाऱ्या काढून घेतल्या गेल्या आणि त्याला एकटे पाडले गेले. कंपनीच्या चौकशी करणाऱ्यांनी उत्तर काय दिले? तर जातिभेद बेकायदेशीर नाही! कंपनीने आणि दोन्ही अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले, हेही नोंदवले पाहिजे. पण ज्या कंपनीने जगातली जाळी जोडली, तिला आपल्याच कचेरीतली ही फट तक्रार येऊनही दिसू नये?

वकील म्हणून आम्हाला या खटल्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, लवादाची. खासगी कंपन्या नोकरी देतानाच सही घेतात की वाद झाला तर न्यायालयात जायचे नाही, लवादापुढे जायचे. म्हणजे बंद दाराआड. सिस्कोने हीच ढाल पुढे केली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ती नाकारली. सही अभियंत्याची आहे, राज्याच्या खात्याची नाही, म्हणून खाते उघड न्यायालयात लढू शकते. दुसरी गोष्ट नावाची. या अभियंत्याचे नाव गुप्त ठेवायचे की नाही हे ठरवताना त्याच्या भारतातल्या कुटुंबाला असलेला धोकाही विचारात घेता येतो, असे त्याच न्यायालयाने सांगितले. सॅन होजेत तक्रार केली तर खेड्यातल्या आईबापांवर काय वेळ येऊ शकते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन्ही अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा मागे घेतला, कंपनीविरुद्धचा मात्र कायम ठेवला. लगेच काहींनी पेढे वाटल्यासारखा आनंद केला. जणू जातच निर्दोष सुटली!

दरम्यान फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही आयेशा वहाब यांचे विधेयक मंजूर केले. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवले. कारण काय, तर सध्याच्या कायद्यात जातिभेदाला बंदी आहेच. आता वाचकांनीच न्याय करावा. कंपनीचे चौकशी करणारे म्हणतात, जातिभेद कायद्यात बसत नाही. राज्यपाल म्हणतात, तो आधीच बसतो. मधल्या मध्ये तक्रारदार मात्र उघड्यावर. म्हणूनच जातीचे नाव कायद्यात स्पष्ट लिहावे लागते. संविधानाच्या कलम १५ मध्ये ‘जात’ हा शब्द आहे आणि कलम १७ मध्ये ‘अस्पृश्यता’. तो शब्दांचा सोस नव्हता. ज्या रोगाचे नाव घेतले जात नाही त्याचे औषधही लिहिले जात नाही, ही त्यामागची जाण होती.

आणि आपण तरी कुठे सुरक्षित आहोत? कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे फौजदारी आहेत. त्यांची वाट पोलीस ठाण्यातून जाते. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत आडनाव ऐकून बढती अडवली, मूल्यमापनात शेरा खराब दिला, तर नुकसानभरपाई मिळवून देणारा स्वतंत्र दिवाणी कायदा आपल्याकडे नाही. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती बंधनकारक झाली. मग जातीय छळासाठी तशीच समिती का नको? खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाच्या मागणीबरोबर ही मागणीही चळवळीने लावून धरली पाहिजे. नुसती दारातून आत जाण्याची सोय पुरेशी नाही, आत गेल्यावर मान ताठ ठेवून बसता आले पाहिजे.

आमच्या तरुण अभियंत्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : अपमान गिळू नका आणि तोंडी तक्रारीवर थांबू नका. तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद ठेवा. तक्रार लेखी करा आणि तिची प्रत स्वतःजवळ जपा. त्या अभियंत्याने २०१६ मध्ये तोंड उघडले म्हणून २०२० मध्ये दावा उभा राहिला. तो एकटा होता. तुम्ही एकटे राहू नका.

जय भीम!