उकिरडा लांब न्या, लेकरं वाचवा

शेतकरी बांधवांनो, नारायणगड परिसरात शेणखताच्या खड्ड्याचं मी नेहमी पिकासाठी सांगतो; आज लेकरांसाठी सांगतोय. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला विषाणू मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्र-महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने अनेक मुलांचा बळी घेतला. तो पसरवते वाळूमाशी. ती भिंतींच्या भेगांत दडते, ओलसर शेणा-केरात वाढते. यावर ना लस, ना खास औषध. म्हणून उकिरडा घरापासून लांब हवा, भेगा लिंपायला हव्यात. ग्रामपंचायतीने फवारणीचं पावसाळ्याआधीच बघावं. ताप येऊन लेकराला झटके आले, तर अंगारे-धुपाऱ्यांत वेळ दवडू नका. चोवीस तासांतही जीव जाऊ शकतो. थेट दवाखाना गाठा!