जिमखान्याचें फाटक

खेळाचें मैदान गांवाच्या मालकीचें कीं वर्गणी भरणाऱ्या मंडळीच्या मालकीचें, हा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ढाणकीच्या बाजारांत कापसाचा भाव काय निघाला हें ज्यास रोज पाहावें लागतें, त्या व्यापाऱ्यास मुंबईच्या एका जिमखान्याच्या इतिहासाशीं काय कर्तव्य, असेंही कोणी विचारील. परंतु उमरखेड तालुक्यांतील असो वा आणखी कोठलें असो, जें गांव वाढत आहे तेथील मोकळी जागा आज ना उद्यां कोणाच्या तरी ताब्यांत जावयाचीच. आणि ती गेली म्हणजे काय होतें, हें मुंबईच्या उदाहरणाइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

बाँबे जिमखाना १८७५ सालीं इंग्रज गृहस्थांनीं स्थापन केला. निरनिराळे खेळ एका छत्राखालीं आणावे ही कल्पना चांगलीच होती. परंतु किल्ल्यासमोरील सरकारी एस्प्लनेड मैदानाचा एक भाग त्यांनीं आपल्या क्रिकेटसाठीं राखून घेतला, आणि उरलेल्या भागावर, जेथें पारशी व हिंदु तरुण खेळत, तेथें ते पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे व चेंडू धड उसळेना. स्वतःच्या हिरवळीवर घोडे घालण्याचें मात्र ह्या गृहस्थांच्या मनांत कधीं आलें नाहीं! १८८१ सालीं शापुरजी सोराबजी आदि मंडळींनीं शेंकडों सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडिला. सरकारनें पोलो हलविण्याचा हुकूम एकदां दिला आणि पुढें तो फिरविला. शापुरजींनीं ही हकीकत १८९७ सालीं पुस्तकांत लिहून ठेविली, हे त्यांचे आपणांवर उपकारच होत.

ह्या भांडणाचा निकाल कसा लागला, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. मागणी होती सार्वजनिक मैदान सर्वांस मोकळें असावें अशी. पदरांत पडल्या त्या केनेडी सी फेसवरील, समुद्रकांठच्या, जमातवार जागा. पारशी जिमखाना १८८५ सालीं निघाला होता. मुसलमानांचा इस्लाम जिमखाना झाला. १८९४ सालीं परमानंददास जीवनदास ह्यांच्या नांवें हिंदु जिमखाना उघडला. साहेबाच्या फाटकावर दाद मिळेना, तेव्हां आपण आपापलीं फाटकें उभारिलीं. गुणांत आपण कमी नव्हतों. १८९० च्या जानेवारींत पारशी संघानें इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघास बाँबे जिमखान्याच्याच मैदानावर हरविलें. खेळ उत्तम शिकलों. परंतु त्यासोबत दार बंद करण्याची कलाही शिकलों, आणि ही दुसरी विद्या तर आमच्या घरांत आधींपासून होतीच.

पालवणकर बाळू ह्यांचें चरित्र ह्याची साक्ष देतें. चर्मकार समाजांतील हा तरुण पुण्यास इंग्रजांच्या जिमखान्यांत दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीचें काम करी. साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते थोर गोलंदाज झाले. हातीं बॅट मात्र त्यांस कोणी दिली नाहीं. पुण्याच्या हिंदु मंडळीस इंग्रजांस जिंकावयाचें होतें, म्हणून बरीच चर्चा होऊन बाळूंस संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९०६ सालीं हिंदु संघानें इंग्रजांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही हिंदु संघाचे नायक म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल ह्यांस मिळाला. बाँबे जिमखान्याच्या वर्णद्वेषाविषयीं क्रोधानें बोलणाऱ्यांनीं मातीच्या त्या भांड्याचेंही स्मरण ठेवावें.

१९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना ह्याच बाँबे जिमखान्यावर झाला. नायक होते आमच्या नागपूरचे सी. के. नायडू, लाला अमरनाथ ह्यांनीं ११८ धावा केल्या. हिंदी खेळाडूंसाठीं हजारों लोकांनीं टाळ्या पिटल्या. मात्र त्या काळीं हिंदी माणसास त्या संस्थेचें सभासद होतां येत नसे. पुढें १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम झालें. तेथें तरी सुखानें नांदावें कीं नाहीं? परंतु त्याच सालीं पंचरंगी सामन्यांत आसनांच्या वांटणीवरून तंटा झाला व हिंदु संघ खेळलाच नाहीं! जमातवार सामने १९४६ सालीं बंद पडले, तें बरेंच झालें.

खासगी मंडळीनें आपल्या जागेंत, आपल्या पैशानें, कोणास बोलवावें हा तिचा प्रश्न आहे. सरकारी किंवा गांवच्या जमिनीस हा न्याय लागत नाहीं. आणि साहेबी क्लबाची नक्कल केल्यावांचून संस्था उभी राहते, ह्याचा पुरावा वऱ्हाडांतच आहे: अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढिलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं तेथील मंडळींनीं हुतूतू आदि देशी खेळ जगास दाखविले.

म्हणून ढाणकीसारख्या गांवीं जे व्यापारी मैदानासाठीं देणगी देऊं इच्छितील, त्यांनीं आपलें नांव कमानीवर खुशाल कोरावें. परंतु दानपत्रांत चार कलमें अवश्य घालावीं: जागेस जातीचें वा पंथाचें नांव नसावें, कोणत्याही एका मंडळीनें सकाळ-संध्याकाळ सारें मैदान अडवूं नये, मुलींच्या खेळास ठराविक वेळ राखून ठेवावी, आणि पाण्याचा माठ व पेला सर्वांस एकच असावा.